तेलुगू वळणाचा पेन

मित्रांनो, मी शाईचा एक पेन आहे. जुना म्हणावं इतकं माझं वय झालेलं नाही. पण माझ्या टोपणाला चीर गेली आहे, क्लिप सैल झाली आहे आणि निबावरची सोनेरी झिलई एका बाजूनं उडाली आहे, तेव्हा कुणी जुना म्हटलं तरी मी भांडायला उठणार नाही. माझं भांडण वेगळंच होतं. मी बिघडलेला आहे असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात रोज ओरडत असे, की नाही, मी बिघडलेलो नाही. मनातल्या मनातच, कारण पेनाला तोंड असतं ते कागदावर, आणि तिथंही बोलायचं ते दुसऱ्याच्या मनातलं.

मी स्वस्तातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. महागाचे पेन मखमलीच्या डबीत झोपतात. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात एकमेकांच्या बरगड्यांत कोपर खुपसून वाढलो. कारखान्यात साच्यातून माझं अंग निघालं, त्यात पोलादी पत्र्याचं नीब बसवलं आणि निबाखाली काळी जीभ सरकवली. शाई उतरते ती या जिभेवरून. मग एका बाईनं मला दौतीत बुडवून कागदावर गोल गोल फेरे काढले, चिंधीला पुसलं आणि खोक्यात टाकून दिलं. ती माझी पहिली परीक्षा. तीत मी पास झालो होतो, हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढं कुणी ठेवलं नाही.

खोकं तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात नरसय्याच्या दुकानात उतरलं. तिथं काचेच्या कपाटात बसून मी माणसं पाहिली. पेन चालवून बघणाऱ्या माणसाइतकी गंमत दुसरीकडे मिळायची नाही. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही अशा माणसाच्या हातात पेन आणि कोरा कागद दिला की त्याला एकदम काही सुचेनासं होतं. कॉलेजातली मुलं सापाची वेटोळी काढत. साहेबलोक सही ठोकत, तीही अशी ऐटीत की जणू समोर खरेदीखत आहे. एक नवी नवरी नवऱ्याचं नाव लिहून गेली, मग लाजून तिनं ते गिरगटून टाकलं. म्हातारी माणसं 'श्री' लिहीत. मराठी माणसाची श्री रेघेला टांगलेली, तेलुगू माणसाची श्री गोल, गरगरीत. लिहून झालं की सगळे मला परत ठेवत आणि बॉलपेन घेऊन जात. मला वाईट वाटायचं. पण नरसय्या मला पुसून पुन्हा ऐटीत उभा करायचा, तेवढाच आधार.

लक्ष्मणराव मास्तर आले ते थंडीच्या सुरुवातीला, कापूस घरात आला होता तेव्हा. तलमडुगुकडच्या एका गावात त्यांची कापूस-ज्वारीची शेती आहे. सगळी नोकरी त्यांनी मराठी शाळेत काढली. आता निवृत्त झाले तरी लोक त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांचं अक्षर पंचक्रोशीत गाजलेलं. तहसीलीतली दरखास्त म्हणजे अर्ज असो की शाळेच्या दारावरची पाटी, ती मास्तरांच्याच हातची. आणि सगळ्यात मोठा मान म्हणजे देवीची चिठ्ठी. त्या गावात कुणाकडेही लग्न निघालं की छापील पत्रिका आदिलाबादहून येतात, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. पण पहिलं निमंत्रण माहूरच्या देवीला, आणि ते हातानंच लिहायचं, असा रिवाज. हात म्हणजे मास्तरांचा. येत्या वैशाखात त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, सुवर्णाचं लग्न ठरलं होतं. सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बापाला आता आपल्या लेकीची चिठ्ठी लिहायची होती, आणि त्यासाठी त्यांना चांगला पेन हवा होता.

मास्तरांनी मला हातात घेतलं, टोपण मागं बसवलं आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढली. अक्षर नाही, नुसती शिरोरेघ. मराठीच्या मास्तरांची पेन तपासायची ती रीत. रेघ सरळ आली तर पुढं अक्षरं, नाहीतर पेन नापास.

रेघ सरळ आली नाही. बैल बिचकला की नांगराचं तास जसं वेडंवाकडं जातं, तशी ती गेली.

"थरथरते हे नीब," मास्तर म्हणाले.

"नया है सर, थोडा चलने दो," नरसय्या म्हणाला. त्यानं मला घेतलं आणि तेलुगूत आपल्या दुकानाचं नाव लिहिलं. सगळी अक्षरं मोत्यासारखी गोल उतरली. "बागुंदि!" तो खूश होऊन म्हणाला. म्हणजे छान. "देखो सर, मक्खन!"

मास्तर त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हां! आता समजलं. तुमी याले तेलुगू शिकवून ठेवलं. तुमच्या अक्षराईले रेघच नाई. दिवसभर गोल गोल लिवून तुमी साऱ्या निबाईले गोल वळण लावता. मंग आमची आडवी रेघ त्याले कशी जमते?"

"सर, पेन को क्या मालूम तेलुगू-मराठी!" नरसय्या हसत म्हणाला.

त्या माणसानं लाख मोलाची गोष्ट सांगितली होती. पण दुकानदाराचं बोलणं कोण मनावर घेतो? मास्तरही हसले. "मास्तर हाये मी. कितीक तेलुगू पोरं माझ्या वर्गात आले, सारे रेघेवर आणले. याले बी आणतो." आणि ते मला खिशाला लावून घरी घेऊन आले.

मला वाटलं, आपलं भाग्य उघडलं. अशा अक्षराचा धनी मिळायला नशीब लागतं. घरी आल्यावर मास्तरांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडला आणि मला आत ठेवलं. आत बघतो तर पेनच पेन! एकाला शाई ओकतो म्हणून काढलेलं, एकाला अडकतो म्हणून, आणि तीन-चार जण माझ्यासारखेच, तेलुगू वळणाचे ठरलेले. सगळे चांगले धडधाकट. एवढे पेन एकाच घरात एकाच वर्षात बिघडतात कसे, ही शंका मला तिथंच आली. पण डब्यातल्या हिरव्या पेनानं मला गप्प केलं. तो म्हणाला, इथं शंका काढायची नाही, उद्या तुझीही पाळी आहे.

सकाळी चहा झाला की मास्तर ओसरीवर बसत. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर ते चिठ्ठीची पहिली ओळ गिरवत. श्री रेणुकादेवी प्रसन्न. 'श्री' उतरायची ती थोडी कापरी, पण डौलदार. 'रेणुकादेवी' पर्यंत अक्षर बारीक व्हायचं. आणि 'प्रसन्न' मुंगीएवढं, रेघेला बिलगून बसलेलं.

"शाई पुरत नाई याले," मास्तर म्हणत. "ओळ सरेपर्यंत आटते."

माझं पोट शाईनं टम्म भरलेलं असे! भरल्या पोटी मला उपाशी ठरवलं जात होतं. मग उपाय सुरू झाले. त्यांनी मला कोमट पाण्यात बुडवून ठेवलं. निळी शाई काढून काळी भरली. वळण मोडावं म्हणून माझं नीब दगडी पाटीवर घासलं, झिलई उडाली ती तेव्हा. रोज नवा उपाय आणि रोज तीच ओळ, तीच मुंगी. मला फार राग यायचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मास्तरांनी कितीतरी मुलांना फळ्यावर लिहून दिली असेल. मी ती रोज त्यांच्याच हातात बसून म्हणत होतो.

माघात बाबारावांच्या मुलाचं, अमरचं लग्न निघालं. बाबाराव म्हणजे मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले, शेताला शेत लागून असलेले. ते देवीची चिठ्ठी लिहून घ्यायला आले.

"दोन दिवस थांब रे," मास्तर म्हणाले. "पेन बराबर नाई."

"काई घाई नाई जी," बाबाराव म्हणाले.

दोन दिवसांनी ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक नवा पेन होता. "किनवटहून आणला मास्तर. तिकडचा हाये, म्हाराष्ट्रातला. याचं नीब मराठीच असन."

मास्तरांना इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी लगेच कॅलेंडरचं पान घेतलं आणि रेघ ओढली. माझ्या शेजारी ठेवलेल्या त्या किनवटच्या पाहुण्याची मला कीव आली, कारण रेघ तशीच गेली, नांगरासारखी. सगळे त्या रेघेकडे बघत राहिले. मग मास्तर म्हणाले, "किनवटलेही आता इकडूनच माल जाते वाटते." बाबारावांनी मान डोलावली. ओसरीवर बसलेल्या आणखी दोघांनी मान डोलावली. 

अमरच्या लग्नात शेवटी छापील पत्रिकाच हळदकुंकू लावून देवीपुढं ठेवली. मास्तर लग्नाला गेले नाहीत. सर्दी झाली आहे असं त्यांनी कळवलं. मी त्यांच्या खिशात होतो, त्यांना सर्दी नव्हती. मांडवातली वाजंत्री ऐकू येत होती आणि ते ओसरीवर बसून मला उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. त्या दिवशी माझा राग थोडा निवला आणि त्या जागी काळजी आली.

आता सुवर्णाबद्दल सांगतो. ती आदिलाबादच्या एका खाजगी शाळेत शिकवते, रोज बसनं जाते-येते. तेलुगू लिहिते तितक्याच सहज मराठी लिहिते. एका रविवारी मास्तर शेताकडे गेले होते आणि मी ओसरीवर तसाच पडलो होतो. सुवर्णानं मला उचललं. बाबांनी गिरवलेल्या ओळी तिनं वरून खालपर्यंत पाहिल्या. मग त्याच पानाच्या कोपऱ्यात तिनं आधी तेलुगूत दोन शब्द लिहिले आणि त्याखाली मराठीत, श्री रेणुकादेवी प्रसन्न. वर एका दमात शिरोरेघ ओढली.

मित्रांनो, काय रेघ आली ती! ताणलेल्या दोरीसारखी सरळ. शेवटचा 'न्न' पहिल्या 'श्री' एवढाच ठसठशीत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. झालं, आता सिद्ध झालं, आता ही पोर बाबांना दाखवील आणि माझ्यावरचा आळ निघेल! मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

ती हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं तो कोपरा फाडला, आत गेली आणि चुलीत घातला.

चुलीपाशी तिची आई, रेणुकाबाई, भाकरी थापत होत्या. "काय जाळलं व?"

"काई नाई."

"पेन चालते ना?" रेणुकाबाईंनी भाकरी उलटत विचारलं.

सुवर्णानं उरलेला कागद काडीनं जाळात सारला.

"चालते, ठाऊक हाये मले. दिवाळीपासून त्याईच्या सदऱ्याच्या गुंड्या मी लावून राह्यली. कपबशी वाजते म्हणून चहा पेल्यात देऊन राह्यली. बसल्या जागी अंगठा बोटावर फिरते त्याईचा, वाती वळल्यावानी. मले काई पेन तपासा लागला नाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू कागद काऊन जाळला?"

तव्यावरची भाकरी करपली तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. मी सुवर्णाच्या मुठीत होतो. मला इतके दिवस वाटत होतं की या घरात माझ्यावर अन्याय होतो आहे. खरी गोष्ट अशी होती की या घरातले सगळे मिळून मास्तरांना काहीतरी कळू देत नव्हते, आणि त्यासाठी त्यांना मी बिघडलेला हवा होतो.

मास्तरांना डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर ते आले नसते. सुवर्णानं एकदा म्हणून पाहिलं होतं, तर ते म्हणाले होते, "पेनाले कोणता डॉक्टर लागते?" म्हणून रेणुकाबाईंनी युक्ती काढली. त्यांनी लंगडायला सुरुवात केली. गुडघा दुखतो म्हणून घर डोक्यावर घेतलं. फाल्गुनातल्या एका सकाळी तिघं बसनं आदिलाबादला निघाले. बायकांना बसमध्ये पैसे पडत नाहीत, कंडक्टरनं मायलेकींना शून्याचं तिकीट दिलं. "तुमचंच बरं हाये," मास्तर थट्टेनं म्हणाले. रेणुकाबाई हसल्या, पण लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

भार्गव डॉक्टर आदिलाबादचेच. त्यांच्या घराण्याला इथं येऊन तीन पिढ्या झाल्या आणि मास्तरांचं नाव ते ऐकून होते. त्यांनी रेणुकाबाईंचा डावा गुडघा दाबला तशा त्या कळवळल्या. "पण दुखतो तो उजवा म्हणालात ना?" डॉक्टर म्हणाले. रेणुकाबाईंनी डोळ्यांनी मास्तरांच्या उजव्या हाताकडे खूण केली. तो हात मांडीवर पडला होता आणि अंगठा बोटावर फिरत होता.

डॉक्टरांनी खुर्ची मास्तरांकडे वळवली. "वा, खिशाला शाईचा पेन! हल्ली कुणाकडे दिसत नाही. मास्तर, जरा लिहून दाखवा बघू काहीतरी."

"पेन बराबर नाई डॉक्टर," मास्तर म्हणाले. "तेलुगू वळणाचा हाये. आडवी रेघ ओढाले गेलं का थरथरते."

"मग रेघ नकोच. गोल काढा. मधून सुरू करा आणि फिरवत फिरवत बाहेर न्या, जिलबी घालतात तसं."

मास्तर सैलावले. "हे जमते याले. गोलातच तयार झाला हा," असं म्हणून त्यांनी माझं टोपण काढलं.

मी जीव एकवटला. आजवर कधी सोडली नसेल इतकी एकसारखी शाई सोडली. पहिला वेढा पडला. दुसऱ्या वेढ्याला करवतीसारखे दाते आले. तिसरा वेढा बाहेर जायच्या ऐवजी दुसऱ्याला चिकटला, चौथा त्याच्याही आत घुसला. मास्तरांनी हात दाबून धरला तशी माझं टोक कागदात रुतलं. जिलबी झालीच नाही. उंदरांनी कुरतडल्यासारखा एक काळा गोळा कागदावर पडला.

मास्तर त्या गोळ्याकडे पाहत राहिले. तिथं रेघ नव्हती. मराठी नव्हतं आणि तेलुगूही नव्हतं. नुसता गोल होता, आणि तोही आला नव्हता.

डॉक्टरांनी हात पुढं केला. मास्तरांनी मला त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी त्या गोळ्याशेजारी सावकाश एक जिलबी काढली. मी कुठं अडलो नाही, कुठं थरथरलो नाही, वेढ्याला वेढा समान अंतरानं सोडत बाहेर आलो.

"पेन तर छान आहे, मास्तर," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले.

मित्रांनो, नरसय्यानं मला विकण्यासाठी छान म्हटलं होतं. खरंखुरं छान मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणत होतं. किती दिवस मी त्या शब्दाची वाट पाहिली होती! आणि तो कानावर पडला तेव्हा मला वाटलं, मी खरोखर बिघडलेला असतो तर! माझं नीब वाकडं असतं, जीभ सुकलेली असती, अंगाला गळती लागलेली असती. डॉक्टरांच्या हातातही मी अडखळलो असतो आणि मास्तर हसून म्हणाले असते, बघा, मी म्हणत नव्हतो? मला कचऱ्यात टाकून ते तिघं नवा पेन घ्यायला बाजारात गेले असते. पण मला वाईट लिहिता येत नाही. ज्याच्या हातात असतो त्याचं खरं मी कागदावर उतरवतो, त्यात माझा काही इलाज चालत नाही.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेन बिघडाले लागले ते..." मास्तर बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "मागच्या पोळ्याच्या आधीपासून."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. याला कंपवात म्हणतात, निदान त्यांना तशी शंका होती. हैदराबादला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, औषध चालू करायचं. औषधानं हात पुष्कळ आवरतो, पण दुखणं मुळापासून जाईल असं ते सांगणार नव्हते.

"लिवता येईन का जी?"

"येईल. पूर्वीसारखं येईल का, ते मी आज सांगू शकत नाही."

"वैशाखात पोरीचं लग्न हाये."

"पोळ्याच्या वेळीच आला असतात, तर वैशाखाचं मी जरा खात्रीनं बोललो असतो."

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. त्यांनी उजवा हात खिशावर ठेवला होता, माझ्यावर. कापडातून त्यांचा कंप मला लागत होता. तलमडुगुच्या अलीकडच्या थांब्यावर बाबाराव चढले आणि समोर येऊन उभे राहिले.

"राम राम मास्तर. कुठं गेल्ते? पेन पाहाले?"

"आईचा गुडघा..." सुवर्णा घाईनं म्हणाली.

मास्तरांनी तिला हातानं थांबवलं. "पेन बराबर हाये बाबाराव. हात बिघडला माहा."

बाबारावांनी वरची दांडी घट्ट धरली आणि खाली पाहत म्हणाले, "ठाऊक हाये जी."

"तुले ठाऊक हाये?"

"साऱ्या गावाले ठाऊक हाये. पोळ्याच्या पाटीवर तुमी बैलवाल्याईचे नावं लिवले तवाच पाह्यलं साऱ्याईनं."

"मंग किनवटचा पेन काऊन आणून देल्ला मले?"

बाबाराव म्हणाले, "तुमी म्हणत होते, पेन बिघडला. आमी काय म्हणाव? तुमी मास्तर."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कापूस उपटून मोकळी पडलेली रानं मागं जात होती. "एकानं तरी म्हणाव लागत होतं रे," ते म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. रागानं म्हणाले असते तर बाबारावांना बरं वाटलं असतं. रेणुकाबाईंनी पदर तोंडाला लावला. आपण सगळ्यांनी मिळून त्यांचा मान राखला, असं इतके दिवस वाटत होतं. त्या मानापायी सहा-सात महिने गेले होते, आणि ते आता कुठल्या बाजारात मिळणार नव्हते.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझं टोपण लावून ठेवा, निबाला पाण्यानं धुवा, हे सगळे पेन सांगतील आणि ते खोटं नाही. पण तुमच्या घरात कुणी सारखा पेन बदलत असेल, कुणी चष्म्याच्या काचा पुसून पुसून दमत असेल, कुणी टीव्हीचा आवाज वाढवून टीव्हीलाच नावं ठेवत असेल, तर त्यांच्या होला हो मिळवू नका. आम्हा वस्तूंची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. आम्हाला बोल सोसायची सवय असते. त्या माणसाजवळ जाऊन बसा, त्याचा हात हातात घ्या आणि जे दिसतं ते बोला. मान राखण्यासाठी गप्प बसाल तर तुमच्या गप्प बसण्याची किंमत ते माणूस भरेल.

आता चैत्र संपत आला आहे. हैदराबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. सकाळची गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात जरा ऐकतो, मग पुन्हा त्याच्या मनाचं करतो. लग्न तोंडावर आलं आहे आणि सुवर्णानं सांगून टाकलं आहे, चिठ्ठी जशी येईल तशी देवीपुढं जाईल, पण बाबांच्याच हातची. मास्तर रोज ओसरीवर बसतात आणि मला उघडतात. अक्षर अजून कापतं, ओळीच्या शेवटी अजून बारीक होतं. पूर्वी अशा वेळी माझी खरडपट्टी निघायची. आळशी, उपाशी, तेलुगू वळणाचा, काय काय नावं मला पडायची, आणि मला त्यांचा संताप यायचा. आता रेघ वाकडी गेली की मास्तर थांबतात, ओळीकडे बघतात आणि नवीन ओळ सुरू करतात. मला एका शब्दानं बोलत नाहीत. आणि मित्रांनो, मला तेच सोसवत नाही.